दुसरं वर्ष झाल्यावर विद्यापीठ बदलायचंय, 88 क्रेडिटचं काय होणार?

प्राची_रसायन
बी.एस्सी. रसायनशास्त्र, एनईपी (नवीन शैक्षणिक धोरण) पॅटर्न, मायनर म्हणजे दुय्यम विषय भौतिकशास्त्र. चारही सत्रं पास आहे, एटीकेटी नाही. आई सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तिची सांगलीहून संभाजीनगरला बदली झाली. भाऊ दहावीत, आईच्या रात्रपाळ्या असतात, त्यामुळे मलाही तिकडेच जावं लागणार. तिथल्या एका कॉलेजात चौकशी केली तर म्हणाले, "आधी कॉलेज सोडल्याचा दाखला काढून आणा, मग बघू. बहुतेक दुसऱ्या वर्षालाच बसावं लागेल." माझे 88 क्रेडिट (पेपर पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक) झालेत, पण एबीसीच्या म्हणजे शैक्षणिक क्रेडिट बँकेच्या खात्यात 66च दिसतात. क्रेडिट बँकेत असतील तर ते कुठेही चालायला हवेत ना? एक वर्ष वाया घालवणं आम्हाला खरंच परवडणार नाही.

वाटसरू
काळजी करू नकोस. एबीसी देशभर एकच आहे. आयडी दिला की क्रेडिट आपोआप नव्या कॉलेजात जातात. 66 दिसतात कारण चौथ्या सत्राचे अजून चढवले नसतील.

पात्रता_विभाग_निवृत्त
वाटसरू यांचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. क्रेडिट विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाहीत, ते संस्थाच चढवते. म्हणून प्राची, आजच कॉलेजात लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे. पण "आपोआप जातात" हे मनातून काढून टाक. नोकरीतली बरीच वर्षं मी परगावहून आलेल्या मुलांच्या फायली तपासल्या आहेत, आणि या एका समजुतीपायी मुलं जुलै-ऑगस्टमध्ये रडकुंडीला आलेली पाहिली आहेत.

एबीसीत तुझे किती क्रेडिट जमा आहेत ते कळतं. त्यातले कुठले मान्य करायचे, हे नवं विद्यापीठ ठरवतं. ते बघताना आकडा बाजूला राहतो आणि पेपर पाहिला जातो: मेजर (मुख्य विषय) किती, मायनर कुठला, ओई (मुक्त निवडीचा विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एईसी (भाषेसारखे क्षमतावृद्धीचे विषय), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) कुठल्या सत्रात झाले. राज्याची चौकट एकच असली, सत्राला 22 क्रेडिट असले, तरी प्रत्येक विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने आत काय ठेवलं ते वेगळं असतं. तुझं भौतिकशास्त्र मायनर त्या कॉलेजात आहे का, हे सगळ्यात आधी विचार. नसेल तर आधी ते असलेलं कॉलेज शोध.

आता खरी अडचण, जी तुला कुणी सांगितली नसेल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021च्या एबीसी नियमांप्रमाणे, जी संस्था पदवी देणार तिच्याकडून किमान 50 टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. तीन वर्षांची पदवी 132 क्रेडिटची धरली तर निम्मे होतात 66. तू तिसऱ्या वर्षाला गेलीस तर तिथे 44च होतील. दुसऱ्या वर्षाला बसा म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा हेच असणार, फक्त त्याने नीट समजावून सांगायला हवं होतं. मुलांना कारण न सांगता परत पाठवणं मला कधीच पटलं नाही.

यावर दोन गोष्टी तपास. पहिली, नव्या विद्यापीठाच्या स्वतःच्या अध्यादेशात स्थलांतरित विद्यार्थ्याला थेट तिसऱ्या वर्षात घ्यायची तरतूद आहे का. हे कॉलेजच्या खिडकीवर विचारू नकोस, विद्यापीठाच्या पात्रता विभागात लेखी विचार. दुसरी, तुझा विचार चार वर्षांच्या ऑनर्सचा आहे का? तिथे 176 क्रेडिट होतात. 88 इथले, 88 तिथले. निम्म्याची अट बरोबर बसते. मात्र त्या कॉलेजला चौथं वर्ष चालवायची मान्यता आहे का, ते आधी पाहा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: तात्पुरती पात्रता, म्हणजे तुला घेता येईल असा नव्या विद्यापीठाचा प्राथमिक निर्णय, लेखी हातात पडेपर्यंत दाखला काढू नकोस. दाखला काढला की इथली जागा गेली. तिकडे नाही म्हणाले तर तू ना इथली, ना तिथली. "आधी दाखला" म्हणणाऱ्याला गुणपत्रकाच्या प्रती द्यायच्या आणि त्यावर तात्पुरता निर्णय मागायचा. स्थलांतर प्रमाणपत्र त्यानंतर.

रसायन_शिकवते
वरच्यात थोडी भर. समकक्षतेसाठी, म्हणजे दोन विद्यापीठांचे पेपर जुळतात का ते ठरवायला, फाईल आली की आम्ही शिक्षक थिअरी आणि प्रात्यक्षिकं वेगवेगळी जुळवतो. थिअरीचा एक क्रेडिट 15 तासांचा, प्रात्यक्षिकाचा 30 तासांचा. नुसत्या गुणपत्रकावरून सेंद्रिय रसायनात नेमकं काय शिकवलं ते कळत नाही. त्यामुळे चारही सत्रांचा अभ्यासक्रम छापून घे आणि त्यावर विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांचा शिक्का घे. सर्टिफाय केलेली जर्नलंही (प्रात्यक्षिकांच्या वह्या) जपून ठेव. एखादा पेपर जुळला नाही तर सरळ वर्ष मागे टाकण्याऐवजी तेवढाच पेपर तिसऱ्या वर्षासोबत द्यायला सांगता येतं. अर्जात ही विनंती तू स्वतःहून लिही. मागितलं नाही तर समितीपुढे तो विषयच येत नाही.

वाटसरू
50 टक्क्यांचं मला माहीत नव्हतं. मग दोन वर्षांचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडली आणि तिकडे पुन्हा प्रवेश घेतला तर?

पात्रता_विभाग_निवृत्त
तो मार्ग ज्यांना शिक्षण थांबवावं लागतं त्यांच्यासाठी आहे. डिप्लोमासाठी वरचे 4 क्रेडिटही करावे लागतात. हिला थांबायचंच नाही. शिवाय परत प्रवेश घेताना पेपर जुळवणं आणि निम्म्याची अट या दोन्ही गोष्टी उभ्याच राहतात.

प्राची_रसायन
सगळ्यांचे मनापासून आभार. ऑनर्सचा विचार आधी केला नव्हता, पण मला पुढे संशोधनच करायचंय, त्यामुळे आईशी आज बोलते. भौतिकशास्त्र मायनर असलेली दोन कॉलेजं संकेतस्थळावर सापडली. चौथ्या सत्राच्या क्रेडिटचा अर्ज लिहून ठेवलाय. सर, एकच विचारायचं राहिलं. ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) आमच्याकडे अजून झालेली नाही, त्याने अडेल का?

पात्रता_विभाग_निवृत्त
नाही. ओजेटी तिसऱ्या वर्षात असते, ती नव्या कॉलेजातूनच होईल. दुसऱ्या वर्षातला फील्ड प्रोजेक्ट आणि सीईपी (समाजात जाऊन करायचा उपक्रम) मात्र गुणपत्रकावर आलेत का ते बघ. आले नसतील तर चौथ्या सत्राच्या अर्जातच तेही लिही.