फौजी आबांची स्मरणपुस्तिका: काय लिहावे, किती लिहावे?

खटावची नात:

सर्वांना सादर नमस्कार.

माझे आजोबा, ज्यांना सारा गाव 'फौजी आबा' म्हणत असे, मागच्या मार्गशीर्षात गेले. वर्षश्राद्धाला त्यांच्याविषयी तीसेक पानांची पुस्तिका काढावी आणि शाळेच्या आवारात, त्यांनी लावून वाढवलेल्या लिंबांच्या सावलीत, एक साधी शिला बसवावी असे घरात ठरले आहे. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि पहिल्याच पानावर मी अडले आहे.

आबा 1966 साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, त्यांची नोकरी झाली आणि 1988 साली ते हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी परतले. 1971 च्या डिसेंबरात ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, जमालपूरच्या लढाईत होते, परंतु त्या लढाईबद्दल त्यांनी आम्हा नातवंडांना एकच गोष्ट सांगितली होती. रात्रभर गोळीबार चालला आणि उजाडल्यावर शेजारच्या मोर्चातला त्यांचा जोडीदार उठला नाही. तो कोल्हापूरकडचा होता. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत, आणि निवृत्तीनंतर दर दिवाळीत, आबा त्या जोडीदाराच्या आईला भेटायला जात. ती माउली गेली तोपर्यंत त्यांनी ही भेट चुकवली नाही.

निवृत्तीनंतरचे त्यांचे मोठे काम मात्र कागदांचे होते. आसपासच्या गावांतील माजी सैनिकांच्या विधवा दर शनिवारी आमच्या ओसरीवर येऊन बसत आणि आबा चष्मा लावून त्यांचे अर्ज लिहीत, दाखले जोडत, गरज पडली तर त्यांच्याबरोबर साताऱ्यापर्यंत जात. या कामाचा एक रुपयाही त्यांनी कधी घेतला नाही. कोणी शेंगा किंवा घेवडा आणला, तर तोही परत जाताना आजी त्यांच्याच पिशवीत घालत असे.

अडचण अशी आहे की माझ्या चुलत भावाच्या मते पुस्तिकेचा मोठा भाग जमालपूरला द्यावा आणि आबांनी किती शत्रू टिपले तेही लिहावे. तो सांगतो तो आकडा घरात कोणीही आबांच्या तोंडून ऐकलेला नाही. अंत्यविधीच्या दिवशी चौकात लागलेल्या फलकावर त्यांचा हुद्दा 'सुभेदार' असा छापला होता. तो पाहून आजी एवढेच म्हणाली, "त्यांना हे चाललं नसतं." सेवेची खात्रीची माहिती कुठून मिळवावी, आणि लढाईला किती व गावातल्या कामाला किती जागा द्यावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बेळगावचा पेन्शनर:

ताई, आपल्या आबांना माझा सलाम. मी त्याच रेजिमेंटचा, मात्र दुसऱ्या पलटणीचा आणि त्यांच्यानंतरचा आहे.

प्रथम घरातली ट्रंक उघडा. तिच्यात डिस्चार्ज बुक असेल. त्यात आर्मी नंबर, भरतीची व निवृत्तीची तारीख, हुद्दा आणि मिळालेली पदके यांची नोंद असते. पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, त्याच्याजवळच सापडेल. या दोन कागदांवर जे आहे ते निःशंकपणे लिहा. मूळ प्रती मात्र छपाईवाल्याकडे किंवा अन्य कोणाकडे देऊ नका, कारण आजींच्या कौटुंबिक निवृत्तिवेतनासाठी त्यांची गरज पुन्हा पडू शकते. कागद फाटलेले असतील, तर आर्मी नंबर देऊन बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला आजींच्या सहीने पत्र लिहावे, किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जावे.

पदकांकडेही नीट पाहा. पदकाच्या कडेवर बहुधा नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते. 1971 साली सेवेत असलेल्यांना संग्राम पदक मिळाले, पूर्वेकडील आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार, आणि स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्षाचे पदक त्या वेळी नोकरीत असलेल्या सर्वांना. पूर्वी स्टार हाती लागला की आबा त्या आघाडीवर होते याचा पुरावा मिळाला, त्यासाठी कोणाच्या आकड्याची गरज उरत नाही. हुद्द्याच्या बाबतीत एक शक्यता तपासून पाहा. चांगली नोकरी केलेल्या काही हवालदारांना निवृत्तीच्या सुमारास ऑनररी, म्हणजे मानद, नायब सुभेदार हा हुद्दा दिला जातो. तसे पत्र असेल तर 'हवालदार (ऑनररी नायब सुभेदार)' असे पूर्ण लिहावे. 'सुभेदार' हा निराळा हुद्दा आहे आणि दुसऱ्याचा हुद्दा लावून घेणे कोणत्याही जुन्या फौजीला खपत नाही. आजींचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

जमालपूरविषयी जे सर्वमान्य आहे, तेवढे एका पानात मावते. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या 95 माउंटन ब्रिगेडमध्ये जंगी पलटण होती आणि पलटणीचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार होते. जमालपुरात पाकिस्तानची 31 बलूच पलटण पक्क्या मोर्चेबंदीत बसली होती. समोरून धडक देण्याऐवजी आपल्या फौजेने ब्रह्मपुत्रेचे जुने पात्र ओलांडून शहराच्या मागची, दक्षिणेकडे टांगाईलला जाणारी वाट अडवली. 9 डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी शरणागतीचे पत्र पाठवले, तेव्हा बलूच पलटणीच्या कमांडरने उत्तरादाखल चिठ्ठीबरोबर बंदुकीची एक गोळी पाठवून दिली. पुढे 10 डिसेंबरच्या रात्री त्यांनी वेढा फोडून निसटण्याचा प्रयत्न केला आणि तो सगळा लोंढा वाट अडवून बसलेल्या मराठ्यांवर आला. पहाटेपर्यंत मोर्चे टिकले, 11 तारखेला जमालपूर पडले, आणि त्याच दिवशी दुपारनंतर टांगाईलजवळ 2 पॅरा या पॅराशूट पलटणीचे जवान छत्र्यांनी उतरले. ती पलटणसुद्धा मूळची आपलीच, मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. 'जमालपूर' हा युद्धसन्मान जंगी पलटणीच्या नावावर आहे.

आता आपण सांगितलेली आबांची गोष्ट या शेजारी ठेवून पाहा. "रात्रभर गोळीबार चालला आणि उजाडल्यावर जोडीदार उठला नाही," हे त्यांचे वाक्य 10 आणि 11 डिसेंबरमधल्या रात्रीचे असणार. त्यात एकही शब्द वाढवू नये असे मला मनापासून वाटते. अंधारात, आपली माणसे कुठे आणि समोरची कुठे हेच जिथे धड दिसत नाही, तिथे कोण कोणाच्या गोळीने पडला हे मोर्चात बसलेला प्रामाणिक माणूस सांगू शकत नाही.

कऱ्हाडचा वाचक:

वरील अनुभवी सदस्यांचा पूर्ण आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. भावाच्या म्हणण्यातही तथ्य आहे. आमच्याकडची मुले पहाटे चार वाजता उठून भरतीसाठी धावतात. त्यांच्या हातात अर्जांची आणि दाखल्यांची पुस्तिका दिली, तर ती कितीजण वाचतील? आकडा लिहू नये हे मान्य आहे, परंतु लढाईचे वर्णन एका पानात उरकणे हाही त्या रात्रीवर अन्याय होईल. नकाशा द्यावा, नदी कशी ओलांडली ते लिहावे, थंडी, चिखल, पाठीवरचे ओझे हे सारे यावे.

बेळगावचा पेन्शनर:

नकाशा अवश्य द्यावा, ही सूचना उत्तम आहे. थंडी आणि ओझे लिहायचे असेल तर जंगी पलटणीतील 1971 चे कोणी हयात असतील त्यांना भेटून, त्यांच्या तोंडून, त्यांच्या नावाने लिहावे. रेजिमेंटचा दिवस 4 फेब्रुवारीला असतो, तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला त्या तारखेला. त्या निमित्ताने जुने लोक ठिकठिकाणी एकत्र येतात. भाऊंना तिकडे जरूर पाठवा. आणि आबांच्या जोडीदाराचे नाव मिळाले तर तेही छापा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात, जे 2019 साली खुले झाले, स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांची नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत; तिथे त्यांचे नाव शोधता येईल.

इतिहासाचा मास्तर:

शिलेविषयी थोडे लिहितो. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने आपल्याकडच्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या होत्या. या गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर आहे. विद्यार्थ्यांना घेऊन मी अशा पाट्या पाहायला जातो, तेव्हा पहिला प्रश्न हमखास येतो: "सर, यांची नावे काय होती?" साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाने त्या युद्धात 46 माणसे गमावली हे आज सगळे सांगतात, पण त्या 46 जणांतील प्रत्येकाचे घर कोणते, मागे कोण राहिले, हे सांगणारे फारसे कोणी उरलेले नाही. म्हणून आपल्या शिलेवर विशेषणे कमी आणि तपशील जास्त असावा: पूर्ण नाव, आर्मी नंबर, हुद्दा, पलटण, भरती आणि निवृत्तीचे साल. 'शूर', 'थोर', 'महान' हे शब्द नसले तरी चालेल. 'हुतात्मा' हा शब्द तर येऊच नये, कारण तो आबांच्या जोडीदाराचा मान आहे.

माणची लेक:

ताई, तुम्ही आजीबद्दल दोनच ओळी लिहिल्या आहेत. माझे वडीलही फौजेत होते आणि वर्षाला दोन महिन्यांच्या सुट्टीवर येत. उरलेले दहा महिने आई नांगरट, पेरणी, सासू-सासऱ्यांचे दुखणे, आमच्या शाळा, 1972 च्या दुष्काळात खडी फोडण्याचे काम, हे सगळे एकटीने पाहत होती आणि आलेले आंतरदेशीय पत्र शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेत होती. तुमच्या आबांना 22 वर्षे घराची काळजी न करता नोकरी करता आली, ती आजीमुळे. त्या हयात आहेत तोवर त्यांना बोलते करा आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत छापा.

अर्ज लिहिण्याच्या कामाला मुले कमी लेखतील असे वर एका दादांनी म्हटले आहे. वडील गेल्यावर आईचे निवृत्तिवेतन अनेक महिने अडले होते, कारण सेवेच्या कागदांत तिचे माहेरचे नाव होते आणि रेशनकार्डावर सासरी ठेवलेले. त्या काळात घरात किराणा कसा भरला ते मला ठाऊक आहे. आमच्या भागात फौजी आबांसारखे कोणी नव्हते.

खटावची नात:

सर्वांचे मनापासून आभार. काल आजीसमोर बसून ट्रंक उघडली. पूर्वी स्टार सापडला, त्याच्या कडेवर आबांचा नंबर आणि नाव आहे. ऑनररी नायब सुभेदार हुद्द्याचे पत्रही सापडले. ते त्यांनी आम्हाला कधी दाखवलेच नव्हते. शिलेवरचा मजकूर मास्तरांनी सांगितला तसाच ठेवणार आहोत.

ट्रंकेच्या तळाशी एक लांबट वही होती. प्रत्येक ओळीत आर्मी नंबर, हुद्दा, जवानाचे नाव, मग पत्नीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, कागदावर चूक कुठे आहे, आणि शेवटी काम झाल्याची तारीख. अशा 212 नोंदी आहेत. चुलत भाऊ ती वही हातात घेऊन बराच वेळ बसला होता. तो आकडा पुस्तिकेत घालावा असे त्यानेच सुचवले. बायकांची नावे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय आम्ही छापणार नाही. जमालपूरला नकाशासह चार पाने दिली आहेत, आणि आजीचे बोलणे लिहून घ्यायला आजपासून सुरुवात केली आहे.

वहीतल्या शेवटच्या तीन नोंदींपुढे तारीख नाही. त्यांपैकी एक आजी शेजारच्या गावात हयात आहेत, आणि त्यांच्या लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेच्या कागदांत लग्नाची नोंद करणारा आदेश, झालेलीच नाही असे आबांनी तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे. येत्या सोमवारी भाऊ आणि मी त्यांना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहोत. बेळगावचे काका, लग्नाचा दाखला नसेल तर बरोबर कोणते कागद घ्यावेत, तेवढे कृपया कळवावे.