मदत हवी आहे: भुईमूग पिवळा पडलाय, पण मक्याच्या कडेची दोन तासं (ओळी) हिरवीगार. असं का?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमचं वावर आहे. उन्हाळी भुईमूग चाळीस दिवसांचा झालाय आणि शेंड्याची पानं पिवळी, काही तर कागदासारखी पांढरी. शिरा तेवढ्या हिरव्या. खालची जुनी पानं ठणठणीत, म्हणजे नत्राचा प्रश्न नाही. माती परीक्षणात सामू (पीएच) 8.4, चुनखडी जास्त, लोह 3.1 पीपीएम (4.5 च्या खाली कमी धरतात). बोअरचं पाणी असं की आठवड्यात हंड्याला पांढरा थर.

बाबांनी हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकलं, पंधरा दिवसांत काडीचा फरक नाही. दुकानदाराने दिलेलं टॉनिक मारलं, तेही पाण्यात. आजी म्हणते, "वावरमा लोखंड शे ना, मंग झाड उपाशी का?"

मी कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सेमिनारचा विषय नेमका हाच आलाय. वाचलं ते असं: लोह कमी पडलं की मुळात इथिलीन आणि ऑक्झिन ही संप्रेरकं वाढतात, 'फिट' नावाचं प्रथिन जागं होतं आणि ते दोन जनुकं चालू करतं. एफआरओ2 लोहाचं रूप बदलतं, आयआरटी1 ते आत ओढतं. इथिलीन म्हणजे सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवायला सोडतात तोच गॅस! मग दोन प्रश्न:
इथेफॉन (झाडात इथिलीन सोडणारं औषध) फवारलं तर मुळं लोह घेतील का?
आणि मक्याला लागून असलेली दोनच तासं हिरवी का? खत, पाणी सगळं सारखंच.

मातीवाला:
ताई, इथेफॉनला हात लावू नका, पानं-फुलं गळतील. मुळात हुकूम कमी पडलेलाच नाही. तुमच्या भुईमुगाने जनुकं बहुतेक केव्हाच चालू केली असतील. शेंडा उपाशी असला की तसा निरोप वरून मुळापर्यंत जातो. अडलंय ते मुळाच्या बाहेर.

लोह जमिनीत गंजाच्या रूपात असतं, तीन धन प्रभाराचं. सामू एकाने वाढला की त्याची विद्राव्यता हजारपट घटते. भुईमुगाचं मूळ आधी आम्ल सोडून ते विरघळवतं, मग एफआरओ2 त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन दोन प्रभाराचं करतं. तेच आयआरटी1 मधून आत जातं. तुमच्याकडे बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट ते आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतं, आणि चढ्या सामूला एफआरओ2 ही नीट चालत नाही. हिराकसही चुनखडीच्या मातीत गेलं की गंजच होतं.

टॉनिकच्या बाटलीवर 6-बीए किंवा सायटोकायनिन (झाडाचं वाढीचं संप्रेरक, 6-बीए त्यातलंच) लिहिलंय का बघा. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या झाडात सायटोकायनिन लोहाची जनुकं दाबतं. शेतात तेच झालं असं मी म्हणणार नाही, पण दुसरी बाटली आणू नका.

ही जनुकं कायम चालू का नसतात, हे सेमिनारमध्ये विचारतील. आयआरटी1 चोखंदळ नाही, जस्त, मँगनीज, कॅडमियम सगळं आत घेतं. आणि जास्तीचं मोकळं लोह पेशी जाळतं. म्हणून गरज संपली की झाड ते प्रथिन मोडून टाकतं.

मका म्हणजे गवत, त्याची रीत वेगळी. तो लोहाला चिकटणारे म्युजिनिक आम्लाच्या जातीचे रेणू मातीत सोडतो आणि लोहासकट ते परत आत घेतो. या कामात सामू त्याला फारसा आडवा येत नाही. मातीत असं सुटं झालेलं लोह शेजारच्या भुईमुगालाही मिळतं. चीनमध्ये चुनखडीच्या जमिनीत मक्याशेजारचा भुईमूग हिरवा राहतो, हे अभ्यासून झालंय. मुळं एकमेकांत गुंतली तरच. तुमची दोनच तासं हिरवी आहेत ती त्यामुळेच असणार.

आधी लोहच कमी पडतंय याची खात्री करा. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस आणि 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल, याच मापाने ग्लासभर द्रावण करा. कापसाच्या बोळ्याने एका पानाच्या अर्ध्या भागाला लावा.

रावेरकर:
पाणी पण कमी द्या ताई. ओल साचली की केवडा (हाच पिवळेपणा) वाढतो, आमच्याकडे दर वर्षी बघतो.

मातीवाला:
बरोबर. दबलेल्या ओल्या मातीत कर्बवायू अडकतो आणि बायकार्बोनेट अजून वाढतं. आणि पुढच्या वेळी मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए चिलेट (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं खत) घ्या. ईडीटीए हे दुसरं चिलेट या सामूला टिकत नाही.

तापीकाठ:
आज सहावा दिवस. बोळा लागला तेवढाच पट्टा हिरवा, उरलेलं पान तसंच पिवळं! आजीने पान उन्हात धरून पाहिलं आणि बाबांना हाक मारली. उद्या संध्याकाळी सगळीकडे याच मापाने फवारू का?

मातीवाला:
फवारा. द्रावण ताजंच वापरा, तांबूस झालं तर ओतून द्या. आठ-दहा दिवसांनी परत एकदा, कारण नवी पानं पुन्हा पिवळीच निघतील.