खंब्याच्या (750 मिलीच्या बाटलीच्या) खपावरून सेल किती यायला पाहिजे? 1,400 चा फरक येतोय

नाशिकला मामांचं परमिट रूम आहे, दोन महिन्यांपासून हिशोब मी बघतोय. ओल्ड मंक रमचा मागच्या आठवड्याचा असा आहे, ओपनिंग 4 सीलबंद खंबे आणि फुटलेल्यात (सील उघडलेल्या बाटलीत) 300 मिली, माल आला 6 खंबे, क्लोजिंग 3 खंबे आणि फुटलेल्यात 450. म्हणजे 5,100 मिली गेली, 30 च्या पेगने 170 पेग, 90 रुपयांनी 15,300 व्हायला पाहिजेत पण बिलात 13,900च आहेत. काउंटरवरचा पोरगा सहा वर्षांपासून आहे, त्याच्यावर उगाच आळ नको म्हणून आधी इथे विचारतोय.

उत्तर 1:
आळ घेऊच नका. सगळी रम पेगनेच गेली असं धरलंय तुम्ही, तिथेच घोळ आहे. टेबलावर अख्खा खंबा गेला तर रेट वेगळा असतो ना, 25 पेगचे 2,250 कोण देतंय? बिलं काढून बघा.

प्रश्नकर्ता:
बघितली! 2 खंबे 1,800 ने गेलेत. म्हणजे 3,600, आणि उरलेल्या 120 पेगचे 10,800, झाले 14,400. फरक 500 वर आला.

उत्तर 2:
500 म्हणजे साडेपाच पेग. फुटलेली बाटली नजरेने मोजली असेल तर एवढं चुकतंच. आमच्याकडे काउंटरवर वजनकाटाच ठेवलाय, रिकाम्या बाटलीचं वजन एकदा लिहून ठेवायचं आणि वजा करायचं, 42.8 टक्केवाली रम पाण्यापेक्षा हलकी असते, 30 मिली साधारण 28 ग्रॅम भरते. गोड लिक्युअरला हे चालत नाही, साखरेने जड होते. आणि मामांच्या पाहुण्यांचे पेग लिहिता का?

उत्तर 3:
हिशोब जुळला तरी एक राहतंच. कोणी बाहेरची बाटली आणून तिचे पेग विकले तर तुमचा स्टॉक हलतच नाही, पैसे मात्र जातात. त्यासाठी रिकाम्या बाटल्या मोजा. तुमच्या आकड्यांनी आठवड्यात 7 रिकाम्या निघायला पाहिजेत, टेबलावरच्या 2 धरून. आठवी निघाली तर ती तुमची नाही.

प्रश्नकर्ता:
आत्ताच मागे जाऊन गोणी ओतली, 7च निघाल्या. जीव भांड्यात पडला. मामांना विचारलं तर 4 पेग पाहुण्यांना दिलेले, लिहिलेच नव्हते. राहिला दीड पेग. उद्या वजनकाटा आणतो.