आर१०७ एसएलचे पार्ट: वाळूजला बनवायचे की बाहेरून मागवायचे?

पाना_तेरा
मर्सिडीजची आर१०७ एसएल, म्हणजे १९७१ ते १९८९ मधली उघड्या टपाची गाडी, घ्यायची म्हटलं की लोक आधी पार्टचं रडगाणं लावतात. संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा एमआयडीसीतल्या शेडमध्ये रबर मोल्डिंग, लेथ, सीएनसी सगळं असताना साधे सस्पेन्शन बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, जर्मनीहून कामून मागवायचे? वर ड्युटी, जीएसटी, कुरिअर. जुना बुश नमुना द्या, रबराचा शोअर हार्डनेस, म्हणजे कडकपणाचा आकडा, सांगा, दोघा-तिघांनी मिळून वीस नग काढा, डायचा, म्हणजे साच्याचा, खर्च निघतो.

जालना_लेथ
नमुना कसला देता, भाऊ? चाळीस वर्षं वजन घेऊन तो बुश चपटा झालेला असतो. त्याचं माप घेतलं की नवाही चपटाच येतो, आणि मग अलाइनमेंट बसत नाही म्हणून मेस्त्रीला शिव्या. प्रॉपेलर शाफ्टची, म्हणजे मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याची, रबरी डिस्क तर अजून फसवी. आत बोल्टच्या नळ्यांभोवती दोऱ्यांचे वेढे असतात, ओढ तेच घेतात; रबर त्यांना नुसतं धरून ठेवतं. वरून बघून बनवणारा भरीव रबर ओततो. ते बोल्टच्या भोकापासून चिरतं आणि शाफ्ट गाडीच्या तळातल्या बोगद्यावर आपटतो. मर्सिडीजचा क्लासिक विभाग अजून पार्ट पुरवतो. युरोपच्या गाडीत चेसिस नंबरात १०७०४२ असेल तर मॉडेल २८०, १०७०४४ तर ४५०, १०७०४५ तर ३८०. त्यावरून पार्ट नंबर काढा आणि तोच मागवा.

बीड_बायपास
पार्टवर भांडण्याआधी पत्रा बघा हो. इंजिन मिळतं, बॉडी मिळत नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेतली चकचकीत गाडी घेण्यापेक्षा आपल्याकडे कोरड्यात उभी राहिलेली कळकट बरी. रबर उन्हानं गेलेलं असेल, पण पत्रा वाचलेला असतो. पुढच्या काचेखालच्या जाळीत अर्धी बादली पाणी ओता. ते पुढच्या चाकांमागून खाली पडायला हवं. आतला गालिचा ओला झाला तर हीटरच्या पेटीमागचा पत्रा कुजलाय. डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय तिथं हात पोचत नाही. मालक मात्र म्हणणार, काच उघडी राहिली होती.

पाना_तेरा
पत्र्याचं मान्य. डिस्कचंही मान्य, ती मागवा. पण क्रोम, सीटचं कापडकाम, सायलेन्सर, ब्रॅकेट, कूलंटचे पाइप यासाठी जर्मनी? आणि चपट्या बुशचं म्हणाल, तर एकच नवा मागवून त्याचं माप द्या. उरलेले इथं.

जालना_लेथ
हां, नव्यावरून माप घेतलं तर माझी हरकत निम्मी गेली. पण दाराचं बीडिंग, म्हणजे कडेचं रबर, बाजारातल्या सरळ पट्टीनं करू नका. मूळ बीडिंगला कोपऱ्यात मोल्ड केलेला आकार असतो. पट्टी तिथं दुमडते, दार लागत नाही, लागलं तर पाणी येतं.

ई_वीस_वैतागी
दोघंही पेट्रोल विसरलात. १९७५-७६ नंतरच्या बहुतेक गाड्यांत बॉशची के-जेट्रॉनिक, म्हणजे यांत्रिक फ्यूएल इंजेक्शन, आहे; पेट्रोलचा दाब पाच बारच्या आसपास. पंप, फिल्टर आणि दाब धरून ठेवणारा अ‍ॅक्युम्युलेटर मागच्या एक्सलजवळ खाली. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी चार महिने उभी राहिली की टाकी आतून गंजते आणि इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या फ्यूएल डिस्ट्रिब्युटरचा प्लंजर, म्हणजे आतला दट्ट्या, अडकतो. तिथं साधा रबरी पाइप (होज) आणि स्क्रूनं आवळायची जुबिली क्लिप लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. इंजेक्शनसाठीचा, इथेनॉल चालणारा होजच हवा. यात लोकल-परदेशी वाद नाही.

पाना_तेरा
इंधनाच्या होजचं लोकल मी म्हटलंच नव्हतं, दादा.

बीड_बायपास
कागदही बघा. पन्नास वर्षं ओलांडलेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते, नवी नोंदणी २०,००० रुपये, नूतनीकरण ५,०००. पण रोजच्या वापराला मनाई आहे, आणि गाडी मूळ रूपात हवी. तेव्हा बनवून घेतलेल्या ब्रॅकेटबरोबर जुनी मूळ ब्रॅकेटही पिशवीत जपून ठेवा.

जालना_लेथ
आणि अमेरिकेतून आलेली १९८१ ते १९८३ ची ३८० असेल तर आधी व्हॉल्व्ह कव्हर उघडा. इंजिनातली टायमिंग चेन एकेरी असेल तर ती भरवशाची नाही, दुहेरी बसवायचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करूनच भाव सांगा.