मदत हवी आहे: इंग्रजी वाक्प्रचार वाचून कळतात, तोंडात येत नाहीत

नमस्कार मंडळी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता लंडनच्या क्लायंटबरोबर रोजचे कॉल. व्याकरण ठीक आहे, ईमेल कळतात; गाडी अडते ती 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'पुट थ्रू' असल्या जोड्यांपाशी. 'पुट' म्हणजे ठेवणे, पुढचं सगळं रामभरोसे.

गेल्या आठवड्यात 'लेट्स टेबल इट' ऐकलं आणि विषय लांबणीवर पडला असं समजून गप्प बसलो. तो अर्थ अमेरिकेतला. ब्रिटनमध्ये नेमका उलटा, म्हणजे विषय चर्चेला घेणे! स्क्रीनवरचे पाचही चेहरे माझी वाट बघत होते.

करून पाहिलेलं: वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, असे दोनेकशे शब्द. पाठ झाले, पण बोलताना एकही वेळेवर आठवत नाही. अंकीवर (प्रश्न-उत्तराच्या कार्डांनी उजळणी करायचं ॲप) कार्डं केली, तीही सुट्या शब्दांचीच. बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' लोकलमध्ये ऐकतो. समजतं आणि दादर येईपर्यंत विसरतं. सबटायटल लावून सिरीज बघ, हा सल्ला कृपया नको, मी गोष्टच बघत बसतो.

रोज ४० मिनिटं मिळतात, तीही गर्दीत, म्हणजे मोठ्याने सराव नाही. पैसे भरून क्लास सध्या नको.

ज्यांना जमलंय त्यांनी सांगा: कार्डावर अख्खं इंग्रजी वाक्य लिहून मधला वाक्प्रचार गाळायचा, की मराठीत प्रसंग लिहून इंग्रजी आठवायचं? आणि 'पुट'चे सगळे प्रकार एकदम घ्यायचे, की कॉलवर कानावर पडतील तेवढेच?