प्रतिसाद: आयत्या पोरी?

वर कुणीतरी लिहिलंय की बास्केटबॉल कोच डॉन स्टेलीचं काय एवढं कौतुक, तिच्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींच्या टीमला टॉपच्या पोरी आयत्या मिळतात, कोणीही जिंकून देईल. अहो, पण आयत्या कधीपासून मिळायला लागल्या ते बघा की! २००८ ला बाई तिथे आली तेव्हा पहिल्याच सीझनला १० मॅच जिंकल्या, १८ हरल्या. तेव्हा कोण येत होतं तिकडे? स्टार खेळाडू एजा विल्सन त्याच भागातली, तरी ती आली २०१४ ला, आणि पहिलं राष्ट्रीय टायटल २०१७ ला. म्हणजे नऊ वर्षं घासली आधी, आणि त्याच्याही आधी टेंपल विद्यापीठात कोचिंग करत होती तेव्हा स्वतः डब्ल्यूएनबीएमध्ये (अमेरिकेतली महिलांची प्रो लीग) खेळतही होती, हे कसं जमवलं देव जाणे (खेळाडू म्हणून तीन ऑलिंपिक गोल्ड आहेतच, ते वेगळंच).

मला तर २०२४ जास्त भारी वाटतं. आदल्या वर्षी ३६-० (३६ जिंकल्या, एकही हरली नाही) वरून सेमीफायनलला स्टार खेळाडू केटलिन क्लार्कच्या आयोवा विद्यापीठाने घरी पाठवलं, मग पाचच्या पाच स्टार्टर (मॅच सुरू करणाऱ्या मुख्य खेळाडू) गेल्या, आणि नव्या पोरींना घेऊन बाईने ३८-० केलं, फायनलला त्याच आयोवाला ८७-७५ हरवून. सगळं रिक्रूटिंगच (चांगल्या पोरी टीममध्ये आणणं) असतं तर त्या वर्षी टीम गडगडायला हवी होती ना? बाकी २०२५ च्या फायनलला यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठ) ८२-५९ असं धुतलं ते मान्य, त्या दिवशी काहीच चाललं नाही यांचं.