भाचीला डॉक्टरकीसाठी बाहेर पाठवायचंय, एजंट घाई करालाय

नंदगडचा मामा

नमस्कार मंडळी. भाची बेळगावातून पीयूसी सायन्स (म्हणजे बारावी) झाली. नीट २०२५ ला ३१२ मार्क. कर्नाटकात आम्ही मराठा म्हणजे ३ब, राज्याच्या मागास प्रवर्गात, पण नीटला जनरलच. सरकारी सीट एवढ्यावर लागत नाही आणि खासगीची फी ऐकून ताईनं पुढचं काही विचारलंच नाही.

आता टिळकवाडीतला एक कन्सल्टंट किर्गिझस्तान घ्या म्हणतोय. पाच वर्षं, सगळं मिळून २२ लाख, मेसला आपलंच जेवण. वर म्हणतो, "इंटर्नशिप भारतात येऊन करायची, तिकडं थांबायची गरज नाही." महिनाअखेरीला ५० हजार भरायचे, ते परत मिळणार नाहीत. भावजी गोव्याला कामाला, त्यामुळं ताई सगळं मलाच विचारते, आणि माझं तर दुकान किराणाचं. कागदं काय लागतात, देश कुठला बरा, आणि हा माणूस खरं बोलालाय का, कुणीतरी सांगा. पोरगी हट्टाला पेटलीय.

अनगोळकर

एक वर्ष थांबा की. बाहेरच्या प्रवेशाला नीटचा निकाल तीन वर्षं चालतो, हे ३१२ कुठं पळून जात नाहीत. परत बसूदे तिला. मलेशियाची पोरं बेळगावात केएलईला येऊन डॉक्टर होतात आणि आपली पोरं किर्गिझस्तानात बिश्केकला जातात, काय बोलायचं!

निपाणीची डॉक्टर

मामा, ५० हजार खिशातच राहूदेत. मी तिबिलिसीला, म्हणजे जॉर्जियात, सहा वर्षं शिकून आले. आता निपाणीजवळ दवाखाना आहे. तुमचा माणूस पूर्ण खोटं बोलत नाही. अर्धं बोलतोय, आणि पैसे त्या अर्ध्यातच जातात.

१८ नोव्हेंबर २०२१ पासून एनएमसीचे, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, नवे नियम आहेत. कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा, तोही इंग्रजीतून आणि सगळा एकाच संस्थेत. त्यावर १२ महिने इंटर्नशिप, तीसुद्धा तिथल्याच संस्थेत. मग भारतात येऊन परीक्षा पास व्हायची आणि इथं परत १२ महिने इंटर्नशिप. म्हणजे इंटर्नशिप दोनदा! "भारतात करा" हे खरं, पण तिकडची चुकत नाही. सगळं मिळून दहा वर्षांच्या आत बसवायचं. पाच वर्षांचं गणित मांडून कर्ज काढलंत तर सहाव्या-सातव्या वर्षी घर विकायची पाळी येईल.

सगळ्यात जास्त लोक ज्या अटीकडं काणाडोळा करतात ती वेगळीच. त्या पदवीवर त्याच देशात, तिथल्या नागरिकाला मिळतो तसा, डॉक्टर म्हणून परवाना मिळायला पाहिजे. काही देशांत परदेशी मुलांना पदवी देतात, परवाना देत नाहीत. तसं असेल तर इथं डॉक्टर म्हणून कायमची नोंदणी मिळत नाही. आणि एनएमसी मान्यताप्राप्त परदेशी कॉलेजांची यादी काढतच नाही, त्यामुळं ऑफिसच्या भिंतीवर "एनएमसी ॲप्रूव्ह्ड" लिहिलंय म्हणून हुरळू नका.

परीक्षा म्हणजे एफएमजीई, बाहेर शिकून आलेल्या डॉक्टरांची. वर्षातून दोनदा, ३०० प्रश्न, १५० बरोबर यायला पाहिजेत, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण दर खेपेला निम्म्याहून बरेच जास्त नापास होतात. पोरं ढ असतात म्हणून नव्हे. वॉर्डातला पेशंट जॉर्जियन बोलतो, किर्गिझस्तानात रशियन नाहीतर किर्गिझ. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत भाषा आली नाही तर पोरगं पुढची सगळी वर्षं प्रोफेसरच्या पाठीमागं उभं राहून काढतं, पेशंटला एक प्रश्न विचारत नाही. माझ्याबरोबरची निम्मी मुलं अशीच होती. त्यात तिकडं सहा वर्षांत मी साप चावलेला एकही पेशंट बघितला नाही. इथं खानापूरच्या रानात पावसाळा लागला की तेच येतात. परीक्षेत टीबीचा राष्ट्रीय कार्यक्रम, लसीकरणाचं वेळापत्रक विचारतात, ते तिकडं कोण शिकवणार? भाचीनं पहिल्या वर्षापासून इथली पुस्तकं सोबत वाचली तर निभावेल.

देशाचं म्हणाल तर बिश्केकला मे २०२४ मध्ये परदेशी मुलांच्या होस्टेलवर जमावानं हल्ले केले होते. युक्रेनचं २०२२ सालचं सगळ्यांना आठवतं, आपल्या हावेरीचा पोरगा खारकीवला हल्ल्यात मारला गेला. म्हणून किर्गिझस्तान नकोच असं मी म्हणणार नाही, पण मुलगी पाठवताय तर होस्टेल कॉलेजच्या आवारात आहे का, हे एजंटला नको, तिथं आत्ता शिकत असलेल्या मुलींना विचारा.

खडेबाजारवाला

डॉक्टर बाईंनी मोठं सांगितलं, मी कागदांचं सांगतो, कारण आमच्या पोराचं सगळं मीच केलंय. आपल्या भागात नावाचाच मोठा घोळ. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर इनिशियल, आधारवर आडनाव पुढं, जन्माचा दाखला जुना असला तर नुसता कन्नडात. आधी हे सगळं एकसारखं करा, मगच पासपोर्टला हात लावा. बेळगावात पोस्टातच पासपोर्टचं केंद्र आहे, हुबळीला जायला नको. दाखला कन्नडात असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या. मग मार्क्स कार्डांचं बेंगळूरला राज्याचं अटेस्टेशन आणि त्यानंतर परराष्ट्र खात्याचं अपोस्टील, म्हणजे कागद बाहेरच्या देशात चालावा म्हणून मारतात तो शिक्का. अपोस्टीलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये. एजंट त्याचे हजारो लावतात, तर पावती मागा, तोंड बघण्यासारखं होतं.

कर्जाचं पण बघून ठेवा. पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शिक्षणकर्जाची योजना परदेशाला लागू नाही. साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते, आणि भावाभावांत सामाईक असलेली शेती त्यांना नको असते. एनए प्लॉट नाहीतर घर लागतं. फी डॉलरमध्ये असते, त्यामुळं आजचे २२ लाख चौथ्या वर्षी २२ राहत नाहीत.

नंदगडचा मामा

देव भलं करो तुमचं. उतारा सामाईकच आहे, म्हणजे तिथंच अडकलं. एक विचारतो, सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात डॉक्टरकीच्या जागा असतात म्हणतात, ते खरं की नुसत्या सभेतल्या गोष्टी?

निपाणीची डॉक्टर

खरं आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, तिथल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी थोड्या जागा राखीव असतात. फार थोड्या, म्हणून चुरस आहे. पण स्पर्धा फक्त सीमाभागातल्याच मुलांशी. महाराष्ट्र सीईटी सेलची माहितीपुस्तिका काढा, गाव यादीत आहे का बघा, दाखला कुणाचा लागतो ते त्यातच असतं. भाची परत नीटला बसणार असेल तर हा दाखला आत्ताच करून ठेवा. प्रवेशाचं काउन्सेलिंग सुरू झाल्यावर तहसीलदाराच्या ऑफिसात खेटे घालत बसायला वेळ मिळत नाही.

आणि बाहेरचंच ठरलं तर युनिव्हर्सिटीला भाचीच्या नावानं थेट मेल टाका. दोनच प्रश्न विचारा: कोर्सचे एकूण महिने किती आणि इंटर्नशिप त्यात की वेगळी, आणि पास झाल्यावर परदेशी मुलीला तुमच्या देशात परवाना मिळतो का. उत्तर लेटरहेडवर मागा. आलं की नाव-पत्ता झाकून इथं टाका, मी वाचून सांगते.